यादीत न लिहिलेलं

चालतं यंत्र बंद करायला सही लागते, हे शर्मिष्ठा वेल्हाळला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला २०४१ सालच्या मार्चमध्ये, भर दुपारी, एकोणीस मिनिटांत समजलं.

वाघजाईचा जलविद्युत प्रकल्प सह्याद्रीच्या पोटात आहे. डोंगरमाथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. दिवसा उन्हाची वीज मुबलक असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, आणि दिवेलागणीला तेच खाली सोडून वीज करायची. डोंगर कोरून केलेल्या दालनात चार अजस्र यंत्रं उभी आहेत आणि प्रत्येकाच्या अंगावर तीनशे संवेदक चिकटवलेले आहेत. त्या सगळ्यांचं ऐकून निर्णय घेतो तो ‘प्रहरी’, म्हणजे पुण्यात बसलेला एक संगणक. प्रहरी म्हणाला चालू, की यंत्र चालू. त्याचं म्हणणं मोडण्याचा अधिकार फक्त ‘अधिकृत अभियंत्या’ला, आणि अधिकृत व्हायचं तर एम.टेक. हवं, असा विमा कंपनीचा नियम होता. कुणीतरी घाबरून लाल बटण दाबायचं आणि अर्धा जिल्हा बंद पडायचा, असं दोनचारदा झाल्यावर ती बटणंसुद्धा अधिकृत अंगठ्याशिवाय दबेनाशी केली होती.

शर्मिष्ठा बी.ई. होती. सात वर्षं त्या डोंगरात काढलेली, पण बी.ई.

त्या दुपारी दोन नंबरच्या यंत्राचा आवाज बदलला. प्रहरीला तो कळला नाही. शर्मिष्ठाला कळला आणि नाना काटकरांना कळला. नाना म्हणजे हिंदुराव काटकर, तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, शिक्षण आयटीआय. त्यांच्यापाशी हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानापुढच्या हाडाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. वर्कशॉपातली ही जुनीच रीत, पण नानांनी ती वाघजाईत नेमधर्मासारखी पाळली होती. टर्बाइनच्या खड्ड्यात कुणी उतरायचं झालं तर आधी सळई लावून ऐकायचं, मगच शिडीवर पाय ठेवायचा. शर्मिष्ठाला पहिली दोन वर्षं सळईतून नुसती घरघर ऐकू आली. तिसऱ्या वर्षी त्या घरघरीतून पाणी वेगळं झालं, तेल वेगळं झालं, लोखंड वेगळं झालं. पाचव्या वर्षी नानांनी सळई तिच्या हातात दिली ती परत मागितलीच नाही.

“बेरिंग धरतंय,” नाना म्हणाले. “लाव फोन.”

तिने पुण्याला फोन लावला. पलीकडच्या अधिकृत अभियंत्याचा आवाज फार सौम्य होता. “मॅडम, प्रहरी सगळं हिरवं दाखवतोय. तुमच्याकडे काही डेटा आहे का? ऐकू येतंय म्हणजे नक्की काय येतंय?” काय येतंय ते तिला शब्दांत सांगता येईना. पुढची एकोणीस मिनिटं ती सांगत राहिली, तो विचारत राहिला. विसाव्या मिनिटाला बेरिंग जाम झालं, उकळतं तेल उडालं, आणि शेजारी काम करणाऱ्या महिपती बाबर नावाच्या फिटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून निघाले.

चौकशीत तिची कुणी दखलही घेतली नाही. दखल घेण्याइतकी ती मोठी नव्हती.

•

“एम.टेक. करू का, नाना?” तिने महिन्याभराने कँटीनमध्ये विचारलं.

हा प्रश्न ती सात वर्षं सगळ्यांना विचारत आली होती. कॉलेजातले सर म्हणाले होते, शिकवायचं असेल तर कर, नाहीतर कशाला. बरोबरची मैत्रीण म्हणाली होती, दोन वर्षांत मी बढती घेईन, तू असाइनमेंट लिहीत बसशील. नवरा अद्वैत कऱ्हाडच्या शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, “तुला हवं असेल तर कर, पण नक्की कशासाठी हवंय ते एकदा कागदावर लिहून काढ.” आजवर तो कागद कोराच राहिला होता. महिपती बाबरचे हात पाहिल्यावर मात्र तिला लिहायला एक वाक्य मिळालं होतं: मी थांब म्हटलं की यंत्र थांबलं पाहिजे.

नानांनी चहा बशीत ओतला. “करच. माझी पस्तीस वर्षं झाली हितं. आमचं आयकतंय कोण? सळई आपल्यापाशी आणि सही पुण्यात. ह्या दोन गोष्टी एका माणसापाशी आल्या ना पोरी, तर हितं कुणाचा हात भाजायचा न्हाई.”

“दोन वर्षं रजा कोण देईल?”

“ते झोपेतलं निघालंय की आता. माझी ईश्वरी सांगत हुती.” ईश्वरी त्यांची मुलगी, सातारला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. “चाळीस दिसात हुतंय म्हणं.”

•

त्याला निद्रापाठ म्हणत. त्यात जादू काही नव्हती. दिवसभरात आपण जे शिकतो ते मेंदू झोपेत स्वतःशी पुन्हा पुन्हा घोकत असतो, आणि त्या घोकण्यानेच ते पक्कं होतं. हे फार पूर्वीपासून माहीत होतं. नवं एवढंच होतं की ते घोकणं आता बाहेरून घडवता येऊ लागलं होतं. जागेपणी धडा वाचताना कानात एक मंद सूर वाजायचा. मग झोप लागली की डोक्यावरची टोपी मेंदूतल्या संथ लहरींवर नजर ठेवायची आणि नेमक्या क्षणी तोच सूर पुन्हा वाजवायची. सूर ऐकला की मेंदू तो धडा काढून घोकायला बसायचा. एरवी चार वेळा घोकलं असतं ते चारशे वेळा. दोन वर्षांचा अभ्यास चाळीस दिवसांत मुरायचा, आणि खरोखरच मुरायचा.

अडचण दुसरीकडे होती. झोपेचे तास तेवढेच. त्यात नवा अभ्यास चारशे वेळा घोकायचा, तर जुन्या कशाचं तरी घोकणं राहणार. ज्याचं घोकणं चाळीस दिवस राहिलं, ते पुसट होत जाई. आईबापांची नावं, चालणं-बोलणं असलं खोल रुजलेलं काही जात नसे; जायची ती कसबं, नाजूक आणि सरावावर जगणारी. म्हणून प्रवेशाआधी प्रत्येकाने एक ‘जतन-यादी’ भरायची होती. आपल्याला काय काय येतं ते त्यात लिहायचं. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला झोपेत थोडी थोडी पाळी मिळणार होती. ओळी वीस, आणि प्रत्येक ओळीपुढे एक रकाना: प्रमाणपत्र क्रमांक, असल्यास.

असल्यास, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण आपली माणसं रकाना रिकामा ठेवू शकत नाहीत. शर्मिष्ठाने कपाटातून सर्टिफिकेटांची फाईल काढली, ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांची, आईने दहावीपासून जपलेली. जर्मन भाषा बी-वन. एमएस-सीआयटी. कथ्थक, मध्यमा. संस्कृत स्तोत्रपठण, जिल्हास्तर. मोटार चालवणं. पोहणं. तीन सॉफ्टवेअरं. पाहता पाहता एकोणीस ओळी भरल्या आणि प्रत्येकीपुढे एक छान नंबर बसला.

विसाव्या ओळीत तिने लिहिलं: ‘सळई लावून यंत्र ऐकणे.’

आणि ती त्या ओळीकडे बघत बसली. पुढचा रकाना रिकामा दिसत होता. हा फॉर्म विद्यापीठात कुणीतरी प्राध्यापक वाचणार, हसणार. शिवाय हे काय आपलं ज्ञान थोडंच आहे, हे तर काम करता करता अंगाला लागलेलं. ती पदवीधर होती, आणि सळई हे कामगारांचं काम आहे असं तिच्या मनात खोलवर कुठेतरी होतंच, नानांवर कितीही जीव असला तरी. तिने ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: ‘इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षा, ब श्रेणी.’ क्रमांकही घातला.

•

पुण्याच्या निद्रापाठ केंद्रातून ती पहिल्या वर्गात पास होऊन आली. नानांनी सगळ्या पाळीला पेढे वाटले. प्रकल्पप्रमुख कारखानीस साहेबांनी स्वतः तिच्या अंगठ्याची नोंद करून घेतली, आणि तिच्या टेबलावर पाटी आली: अधिकृत अभियंता.

तिला सुख झालं, ते खोटं नव्हतं. पूर्वी जी समीकरणं पाहून डोळे फिरायचे ती आता सरळ वाचता येत होती. पुण्याचा तो सौम्य माणूस आता तिला ‘वेल्हाळ मॅडम’ म्हणत होता.

चौथ्या दिवशी घरी सकाळी पाणी आलं. पिंप नळाखाली लावून ती कणीक भिजवत बसली. पिंप भरत आलं की आवाज चढत जातो, आणि ती नेहमी शेवटच्या चार बोटांवर उठून नळ बंद करायची. अद्वैतला त्याची फार गंमत वाटे. त्या दिवशी पाणी स्वयंपाकघरात आलं तेव्हा तिला कळलं. “लक्ष कुठंय?” अद्वैत हसत म्हणाला. तिचं लक्ष होतं. ती पाण्याचा आवाज ऐकतच बसली होती, आणि त्या आवाजातून काहीच कळत नव्हतं.

ती तशीच गाडी काढून प्रकल्पावर गेली. एक नंबरच्या यंत्राला सळई लावली, डोळे मिटले. घरघर. दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. नुसती घरघर, नोकरीच्या पहिल्या दिवशी होती तशी. 

तिने केंद्राला फोन केला. तिथल्या बाईंनी तिची फाईल उघडली. “तुमच्या यादीत तर हे नाहीये.”

“नाही. परत येईल का?”

“येईल ना. पहिल्यांदा यायला किती वेळ लागला होता?”

“पाच वर्षं.”

“मग साधारण तेवढाच,” बाई म्हणाल्या. “ड्रॉइंग मात्र छान राहिलं असेल बघा.”

•

हे तिने कुणाला सांगितलं नाही. अद्वैतलाही नाही. नानांना सांगायचं असं ती रोज सकाळी ठरवायची, आणि नाना समोर आले की दुसरंच काहीतरी विचारायची. सात वर्षं त्यांनी दिलेलं तिने एका रिकाम्या रकान्याच्या लाजेपायी टाकून दिलं होतं. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पंधरा दिवसांनी एक नंबरला सळई लावून ती उभी होती आणि तिला भीती वाटू लागली. आत काही बिघडत असेल आणि आपल्याला कळत नसेल तर? तिने सही केली. यंत्र थांबलं. दोन दिवस सगळं उघडून पाहिलं. काही सापडलं नाही. कारखानीस साहेबांनी तिला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. “सही जपून वापरा, मॅडम. अशा दोन सह्या झाल्या की पुणे तिसरी मानत नाही.” ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग जूनमधली ती सकाळ आली. साडेदहाचा सुमार होता, यंत्रं पाणी वर चढवत होती. तीन नंबरच्या खड्ड्यात पाणी किती झिरपतंय ते पाहायला रोजच्याप्रमाणे नाना उतरणार होते. टर्बाइनवर एक जाडजूड पोलादी झाकण असतं, ऐंशी बोल्टांनी आवळलेलं. झाकणाखाली डोंगराएवढ्या पाण्याचा दाब, आणि झाकणावर खड्डा, जिथे माणूस उभा राहतो. प्रहरीचे सगळे संवेदक फिरत्या भागांवर होते. बोल्टांवर एकही नव्हता, कारण बोल्ट काही फिरत नाहीत.

नाना शिडीच्या तोंडाशी थबकले. “तळपायाला कायतरी येगळं लागतंय,” ते म्हणाले. “ऐक बरं.”

“तुम्हीच ऐका ना, नाना,” ती म्हणाली.

नानांनी आजूबाजूला पाहिलं. दोघंच होते. ते जवळ आले आणि ओशाळं हसले. “तुला आता सांगतो. माझं कान गेलं, पोरी. दोन वर्स झाली. पयल्यांदा बारीक आवाज गेला, मग सळईतलं सगळंच. बोलणं तेवढं तोंड बघून वळखतो. त्या बेरिंगच्या दिवशीबी तुझं तोंड बघून मला कळलं हुतं. वर कळलं असतं तर घरी बसवलं असतं. म्हटलं, आपली पोरगी हाय, तिला येतंय, चालतंय तवर चालू दे. तुझ्याच कानावर चाललंय सगळं.”

तिने सळई लावली.  घरघर.

खरं सांगायची वेळ हीच होती, आणि तिला ते कळत होतं. नाना, माझंही गेलंय. तीन शब्द होते. पण ते बोलले की वाघजाईत ऐकणारं कुणीच उरत नव्हतं, आणि नानांचा चेहरा तिला बघवला नसता. सही करून यंत्र थांबवावं, तर दुसरी सही. पुन्हा काही सापडलं नाही तर? तिने हातातल्या पडद्याकडे पाहिलं. तीनशेच्या तीनशे आकडे हिरवे. नवं शिकलेलं सगळं गणित तिने मनात भराभर करून पाहिलं. गणितही ठीक होतं.

“काय म्हणतंय?” नानांनी विचारलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने तोंड हसरं केलं. “ठीक आहे, नाना.”

“मग तळवंच म्हातारं झालं म्हणायचं,” नाना म्हणाले आणि शिडी उतरले.

तो आवाज तिला ऐकू आला. तो कुणालाही ऐकू आला असता. आधी एक बोल्ट, मग लागोपाठ पाचसहा, आणि मग झाकणाची एक कड उचलली गेली. खड्ड्यातून पांढरं पाणी छतापर्यंत उसळलं. तिने अंगठा टेकवला. चार सेकंदांत झडपा मिटायला लागल्या, यंत्राची धाप कमी होत गेली. सही उत्तम चालत होती.

नाना सापडायला तीन तास लागले.

•

चौकशी समितीने झाकणाचे बोल्ट मोजले. बावीस बोल्टांच्या आत जुनी भेग होती. दर चालू-बंदीला केसभर वाढत गेलेली. संवेदक नसल्याने प्रहरीचा दोष नाही. अधिकृत अभियंत्याने उपलब्ध माहितीनुसार निर्णय घेतला, आणि अपघात होताच चार सेकंदांत यंत्र थांबवून दालन वाचवलं. समितीने तिच्या प्रसंगावधानाची नोंद घेतली. तिने जबाबात सगळं खरं लिहिलं होतं, फक्त सळईचा उल्लेख केला नव्हता, आणि तो कुणी विचारला नाही. सळई कुठल्याच नियमात नव्हती.

ऑगस्टमध्ये ईश्वरी काटकर तिच्या ऑफिसात आली. डोळे नानांचे, बसणंही तसंच, खुर्चीच्या कडेवर. तिचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. पदवी झाली की नानांच्या जागी तिला घ्यायचं कंपनीने मान्य केलं होतं, आणि त्यासोबत निद्रापाठाची एक जागा. त्या अर्जावर अधिकृत अभियंत्याची शिफारस लागत होती.

“नाना म्हणायचे, काही अडलं तर वेल्हाळ मॅडमला विचार,” ईश्वरी म्हणाली. “करावं का मी एम.टेक.? उपयोग होतो का खरंच?”

शर्मिष्ठाने दार लावून घेतलं. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आलं नाही. तिने पहिल्यापासून सांगितलं. खोडलेली ओळ, तिच्या जागी लिहिलेलं ड्रॉइंग, पिंप, घरघर. “त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुझ्या वडिलांनी विचारलं आणि मी खोटं बोलले. ते माझ्या शब्दावर खाली गेले.”

ईश्वरीने अर्ज मांडीवर उलटा ठेवला. 

“समितीला हे सांगितलंत?”

“नाही.”

“सांगणार?”

“तू म्हणशील तर आत्ता जाते. समिती खालीच बसलीये, अहवालावर सह्या व्हायच्यात, आज शेवटचा दिवस आहे.”

“मग तुमचं अधिकृतपण जाईल.”

“जाईल.”

“आणि ह्या अर्जावर तुमची सही चालायची नाही.”

“नाही. पण ईश्वरी, तू हे करूच नकोस. मी त्यासाठीच सांगतेय तुला. डोकं ओरबाडून घेतात ते. साधी नोकरी कर, वाटलं तर दोन वर्षं कॉलेजात बसून...”

“घरी आई आहे. दोन वर्षं मला कोण देणार?” ईश्वरीचा आवाज पहिल्यांदा चढला. “आणि साधी नोकरी म्हणजे कसली? नानांसारखी? त्यांना तीस वर्षं सगळं ऐकू येत होतं, मॅडम. त्यांची सही कुणी मागितली? तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते आणि तुमचा अंगठा चालतो.”

 ईश्वरीने अर्ज तिच्यासमोर सरकवला आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.  शर्मिष्ठाने सही केली. ईश्वरीने तारीख तपासली, शिक्का राहिलाय म्हणून सांगितलं, शिक्का उमटल्यावर शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, आणि मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“आता चला,” ती उठत म्हणाली, “समितीकडं. मी येते तुमच्याबरोबर.”